छतावरचा पाऊस जमिनीत घालायला किती खर्च येतो? चंद्रपूर-गडचिरोलीचा हिशेब

हजार चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे ९३ चौरस मीटर. चंद्रपुरात वर्षाकाठी सरासरी १,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. वाळून-शिंपडून जाणारे वजा केले तरी अशा एका स्लॅबवरून सुमारे ८९ हजार लिटर पाणी खाली येते, म्हणजे पाच हजार लिटरचे जवळपास अठरा टँकर. गडचिरोलीकडे पाऊस याहून जास्त. तिकडे आणखी दोन-तीन टँकर धरा. बहुतेक घरांतून हे पाणी पन्हळीने गल्लीत, गल्लीतून नालीत आणि नालीतून झरपट नाहीतर इरई नदीत जाते. मे महिना लागला की त्याच घरातली बोअर हवा ओढू लागते.

आपल्याकडे पावसाची वानवा नाही. तो चार महिन्यांत पडतो आणि जमिनीत शिरायला त्याला वाट उरलेली नाही, ही खरी अडचण. गल्ल्या सिमेंटच्या झाल्या, घरामागे एक बोअर झाली, आणि भोवतीच्या कोळसा खाणी आपापले पाणी उपसतच असतात. पाणी नालीने पळवून लावण्याऐवजी माती, झाडे आणि तळी यांच्याकडून ते जागच्या जागी जिरवून घ्यायचे, याला हल्ली 'ग्रीन इन्फ्रास्ट्रक्चर' म्हणतात. शहराने काय करावे ते पुढे येईलच. पण घरमालकाच्या हातात वीस-पंचवीस हजार रुपये असतील तर त्यांचे काय करावे, हा या लेखाचा मुख्य विषय.

दुकानदार आणि ठेकेदार सहसा फिल्टरपासून सुरुवात करतात, कारण विकायला फिल्टर असतो. तुम्ही उलट्या टोकापासून सुरुवात करा. पाणी नेऊन सोडायचे कुठे, हे आधी ठरले पाहिजे. बिल चौदा हजारांवर थांबेल की ऐंशी हजारांवर जाईल, हे त्या एका उत्तरावर ठरते.

दरांबद्दल एक सूचना. पुढचे सगळे दर अंदाजपत्रकासाठी धरलेले आहेत. गावागणिक आणि हंगामागणिक ते हलतील. चार इंची (११० मिमी) पीव्हीसी पाइप फुटाला ८५ रुपये, गिट्टी ब्रासला ४,०००, रेती ब्रासला ६,०००, मजूर दिवसाला ५५०, मिस्त्री ८५०, दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम १,३००. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. तुमच्या दुकानातला दर टाकून बेरीज पुन्हा मांडा. फूट, लिटर आणि ब्रास मात्र तेच राहतील.

जुनी विहीर असेल तर तिच्यापासून सुरुवात

चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, जटपुरा गेट ते पठाणपुरा गेटच्या दरम्यान, आणि ब्रह्मपुरी, मूल, आरमोरी, चामोर्शीसारख्या जुन्या वस्तीच्या गावांत परसात विहीर असलेली घरे अजून आहेत. नळ आल्यावर त्यांतल्या कित्येक विहिरींवर जाळी पडली आणि खाली निर्माल्य. अशी विहीर हे तयार पुनर्भरणाचे साधन आहे. खोदाई झालेली, बांधणी झालेली, भूजलापर्यंत पोचलेली. आज तेवढीच विहीर नव्याने खणायची म्हटली तर दोन-तीन लाखांच्या खाली कोणी बोलणार नाही.

हजार फुटांच्या स्लॅबचे पाणी विहिरीत घ्यायला दोन उतरते पाइप लागतात. एकावर भागवू नका. ताशी ५० मिलिमीटरच्या सरीला चार इंची पाइप सुमारे ८५ चौरस मीटर छताचेच पाणी पेलतो. आपल्याकडे आषाढात त्याहून जोराची सर नवलाची नाही. साधारण ६० फूट पाइपचे ५,१००, बेंड-टी-क्लॅम्पचे १,२००, पहिला पाऊस बाजूला काढणाऱ्या ड्रमचे १,३००, विटांची दोन बाय दोन फुटांची गाळणटाकी गिट्टी-रेती-कोळशासकट ४,०००, प्लंबरचे २,००० ते २,५००. बेरीज चौदा हजारांच्या घरात. पाइप विहिरीच्या काठावरच सोडून देऊ नका. धार पडून कड ढासळते. तो आत पाण्याच्या पातळीच्या जवळपास न्या आणि तोंडाला बेंड लावा.

विहिरीतला गाळ आणि कचरा आधी काढावा लागेल. त्याचे खोलीप्रमाणे सहा ते दहा हजार वेगळे. आणि त्या विहिरीचे पाणी कोणी पीत असेल, किंवा पुढे प्यायचा विचार असेल, तर काम झाल्यावर ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्या. जुन्या वस्तीत विहिरीला खेटून शोषखड्डे आहेत. पावसाचे स्वच्छ पाणी आत घातले म्हणून तो झिरपा थांबत नाही.

बोअर: फेल गेलेली सोन्याची, चालू असलेली जपून

'पाइप थेट बोअरमध्ये सोडून देऊ ना भाऊ, गाळणी लावली की झालं.' असे कोणी म्हणाले तर त्याला चहा पाजून परत पाठवा. गढूळ पाणी एकदा बोअरमध्ये गेले की खडकातल्या बारीक भेगा बुजतात, आणि त्या पुन्हा मोकळ्या करण्याची खात्रीची युक्ती कोणाकडे नाही.

राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत (लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात, डिसेंबर २०२० पासून लागू) याची पद्धत दिली आहे. बोअरभोवती एक मीटर रुंदीचा, किमान तीन मीटर खोल खड्डा घ्यायचा आणि तो गिट्टी व रेतीने भरायचा. पाणी त्यातून गाळून उतरते. खड्ड्यातल्या केसिंगला बारीक भोके पाडून वर जाळी गुंडाळतात. खोदाई, भरणा, जाळी आणि पाइप धरून पंधरा ते वीस हजार.

हे फेल गेलेल्या बोअरवर करा. आपल्या भागात प्रत्येक मोहल्ल्यात अशा दोन-चार असतात. लाखभर रुपये घालून कोरडी निघालेली बोअर निदान या कामी येते. घरात पिण्यासाठी चालू असलेल्या बोअरच्या केसिंगला भोके पाडायला मी सांगणार नाही. फेल बोअर नसेल आणि मुद्दाम नवी पुनर्भरण बोअर घ्यायची असेल, तर दीडशे फुटांची खोदाई फुटाला ११० रुपयांनी १६,५००, चाळीस फूट केसिंग फुटाला ३५० रुपयांनी १४,०००, म्हणजे तीस हजार आणखी. एकट्या घराला हे सहसा परवडत नाही. सोसायटी, शाळा, मंगल कार्यालय यांना परवडते.

जिरण खड्डा: बाकी सगळ्यांसाठी

विहीर नाही, फेल बोअर नाही, तर खड्डा. नियमावलीतल्या मापाने १.२ मीटर लांब, तेवढाच रुंद आणि दोन ते अडीच मीटर खोल. तळाला निम्म्या खोलीपर्यंत ४० मिमीची गिट्टी, त्यावर वीस टक्के २० मिमीची, त्यावर वीस टक्के जाडी रेती, वर बारीक रेतीचा पातळ थर, आणि सगळ्यात वरचा दहावा भाग रिकामा. तोंडाभोवती जमिनीच्या वर विटांची कड, म्हणजे अंगणातला चिखल आत वाहत नाही.

अडीच मीटर खोलीच्या खड्ड्याचा हिशेब असा येतो: खड्डा १२७ घनफुटांचा, गिट्टी पाऊण ते एक ब्रास, ३,६०० रुपये, रेती पाव ब्रास, १,५००, दोन मजूर दोन दिवस, २,२००, विटांची कड मिस्त्रीसकट ३,०००, पाइप आणि जोड ६,३००, ड्रम १,३००, जाळीची गाळणटाकी ३,०००, प्लंबर २,५००. एकूण २३,४००. खडक लागला, पाइप लांबला किंवा ट्रॅक्टरवाला अर्ध्या ब्रासखाली रेती टाकायला तयार नसला, तर २८ हजारांपर्यंत जाईल. कोणी याच कामाचे पन्नास हजार सांगत असेल तर त्यात तयार फिल्टरची किंमत किती, हे वेगळे लिहून मागा.

या खड्ड्याबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. लोक त्याला टाकी समजतात. गिट्टीच्या फटींमध्ये पाणी मावणार जेमतेम तेराशे-चौदाशे लिटर, आणि ताशी ५० मिलिमीटरच्या सरीत तुमचा स्लॅब तासाला चार हजारांवर लिटर खाली ओततो. खड्डा भरणारच. त्यातून पाणी किती वेगाने जिरते यावर सगळे अवलंबून, आणि तो वेग ठरवते जमीन. चंद्रपूर शहराखाली बऱ्याच भागात गोंडवना काळचा वालुकाश्म आहे. तो पाणी चांगले पितो. वरोरा-भद्रावतीकडच्या काळ्या मातीत मात्र पाणी उभे राहते, कारण ओली झाली की ती फुगून बंद होते. तिथे काळा थर संपून मुरूम लागेपर्यंत खाली जावे लागते. गडचिरोलीत बराच भाग जुन्या कठीण खडकाचा; वर कुजलेला थर जाड असेल तर खड्डा चालतो, पातळ असेल तर दोन उथळ खड्डे एका खोल खड्ड्यापेक्षा बरे.

यासाठी भूगर्भशास्त्रज्ञ बोलावलाच पाहिजे असे नाही. जागेवर दोन फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने दोनदा भरून रिकामा होऊ द्या, तिसऱ्यांदा भरून घड्याळ लावा. तासाला दोन-तीन इंच पातळी उतरली तर पुढे जा. रात्रभर पाणी तसेच राहिले तर खोल जाण्याशिवाय इलाज नाही. ही चाचणी फुकट आहे, आणि ठेकेदार ती कधीच सुचवत नाही.

चंद्रपूरची राख

इतर शहरांसाठी लिहिलेली माहितीपत्रके इथे कमी पडतात, ती या मुद्द्यावर. महाऔष्णिक विद्युत केंद्र, दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणी, घुग्घुसची वाहतूक, गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने. आठ महिन्यांत स्लॅबवर जो थर बसतो तो नुसती धूळ नसते. जूनमधली पहिली सर पन्हळीतून काळपट उतरते, हे इथल्या कोणालाही सांगायला नको.

पहिला पाऊस बाजूला काढण्यासाठी बाजारात चार इंची उभा पाइप मिळतो. खाली टोपण, मध्ये चेंडू. पाच फुटांच्या अशा पाइपात मावते बारा लिटर. तुमच्या ९३ चौरस मीटर छतावरचा नुसता एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ९३ लिटर, आणि राखेच्या शहरात निदान दोन मिलिमीटर तरी फेकायला हवेत. बारा लिटरच्या पाइपाने ते होत नाही. ती निव्वळ समजूत आहे. त्याऐवजी दोनशे लिटरचा ड्रम जोडा. आधी तो भरेल, भरला की पाणी आपोआप पुढे विहिरीकडे वळेल. ड्रमच्या बुडाशी बारीक ठिबक ठेवा म्हणजे दिवसभरात तो रिकामा होऊन पुढच्या सरीला तयार होईल. खर्च पाइपाइतकाच.

तेराशे रुपयांचा हा ड्रम माझ्या मते सगळ्या यंत्रणेतली सर्वांत मोलाची वस्तू आहे. पैसे कमी पडत असतील तर फिल्टर साधा घ्या. ड्रम काढू नका. मेच्या शेवटी स्लॅब झाडून धुऊन घ्या, आणि पहिल्या दोन जोरदार पावसांत विहिरीकडचा व्हॉल्व्ह बंदच ठेवा.

जिथे हे पैसे घालू नयेत

चंद्रपुरातल्या रहमतनगर, बिनबा आणि इरईकाठच्या सखल वस्त्यांमध्ये जिरण खड्डा करू नका. वर्धा नदी फुगली की इरईचे पाणी पुढे सरकत नाही, मागे चढते; त्यात इरई धरणाचे दरवाजे उघडले की या वस्त्यांत पाणी शिरते. जुलै २०२२ मध्ये ते झाले, त्याआधीही झाले. भर पावसाळ्यात तिथे भूजल जमिनीच्या अगदी जवळ असते, खड्ड्यात पाणी वरून नाही, खालून येते. घर निळ्या पूररेषेच्या आत असेल, म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या कक्षेत, तर तेच वीस हजार जोते उंच करण्यात आणि विजेचे मीटर वर नेण्यात घाला. गल्लीतल्या सगळ्यांनी खड्डे केले तरी नदीचा पूर थांबत नाही, हेही स्पष्ट असलेले बरे. चीनने २०१५ पासून शहरेच्या शहरे पाणी शोषणारी करायला मोठा पैसा ओतला. त्यांपैकी झेंगझोऊमध्ये जुलै २०२१ मध्ये एका तासात २०० मिलिमीटर पाऊस झाला आणि भुयारी रेल्वेत माणसे बुडाली. रोजच्या पावसासाठीचा हा उपाय आहे, महापुरासाठीचा नव्हे.

दुसरी जागा जुन्या भूमिगत खाणींवरची. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता जमिनीत खोल गेले. घुग्घुस, लालपेठ, बल्लारपूर, माजरी अशा खाणपट्ट्यात खोल पुनर्भरण बोअर घेण्यापूर्वी आपल्या प्लॉटखाली जुने काम आहे का, हे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) क्षेत्रीय कार्यालयात लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत छताचे पाणी उथळ वाफ्यात सोडा.

तिसरी जागा प्रत्येकाच्याच प्लॉटमध्ये असते: संडासाच्या शोषखड्ड्याशेजारची. पुनर्भरणाचा खड्डा त्यापासून निदान दहा-पंधरा मीटर आणि घराच्या पायापासून तीन मीटर दूर हवा. तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर हे जमत नाही. तेव्हा कोपऱ्यातला खड्डा ओढूनताणून बसवण्यापेक्षा दोन-तीन घरांनी मिळून सोयीच्या जागी एक करावा.

अंगण सिमेंटचे करण्याआधी

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे अंगण म्हणजे पेव्हर ब्लॉक, असे समीकरण झाले आहे. साधा ६० मिमीचा ब्लॉक बसवून चौरस फुटाला ६० ते ७५ रुपये पडतो आणि खाली सिमेंटचा थर दिला की पाण्याला वाट राहत नाही. जाळीचा ब्लॉक, ज्याच्या भोकांत गवत उगवते, ८० ते १०० रुपये. मुरमावर बारीक गिट्टी पसरली तर २० ते २५. तीनशे फुटांच्या अंगणाला गिट्टी साडेसात हजारांत होते, जाळीचे ब्लॉक तीस हजारांत. गाडी उभी राहते तेवढ्याच पट्ट्यात ब्लॉक टाका, बाकी गिट्टी. आणि कडुलिंबाच्या बुंध्याला सिमेंटची कॉलर घालू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी सोडण्याचा आदेश दिला होता, तेच माप आपल्यालाही चालेल.

मागच्या बाजूला शंभर चौरस फूट जागा असेल तर फूट-दीड फूट खोल वाफा घ्या, तळाला गिट्टी, वर रेतमिश्रित माती, त्यात वाळा आणि कर्दळ. दोघांनाही चार दिवस पाण्यात पाय ठेवणे चालते. मजुरी, गिट्टी आणि रोपे धरून चार ते सहा हजार. अट एकच: पाणी दोन दिवसांत जिरले पाहिजे. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात. गडचिरोलीत हिवतापाची काय स्थिती असते ते आरोग्य खात्याच्या कोणत्याही कर्मचाऱ्याला विचारा. उघडा ड्रम, झाकण तुटलेली टाकी, तुंबलेली पन्हळ या तिन्ही गोष्टी पाणी वाचवण्याच्या नावाखाली डास पाळतात. प्रत्येक तोंडाला बारीक जाळी हवीच; शंभर-दीडशे रुपयांचे काम.

टाकी कोणाला हवी

८९ हजार लिटर साठवायची कल्पना सोडून द्या. ती टाकी घराएवढी होईल. टाकी फक्त पिण्या-रांधण्याच्या पाण्यासाठी, आणि तीही जिथे जमिनीतले पाणी प्यायजोगे नाही तिथे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या अनेक गावांत हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाप्रमाणे लिटरला एक मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड. फ्लोराइड उकळून जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. पावसाच्या पाण्यात ते जवळपास नसतेच. पाच माणसांना दिवसाला २५ लिटर धरले तर पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांना सहा हजार लिटर लागतात. फेरोसिमेंटची टाकी लिटरला १२ ते १५ रुपयांनी ७२ ते ९० हजारांत पडते. हजार लिटरच्या सहा प्लास्टिक टाक्या लिटरला सात रुपयांनी ४२ हजार, वर ओट्याचे आणि जोडणीचे सात-आठ हजार. प्लास्टिक उन्हात ठेवू नका. आपले मेचे ऊन त्याला दहा वर्षे टिकू देत नाही.

भामरागड, एटापल्ली, सिरोंच्याकडे टाकीचे कारण वेगळे. तिथे अडचण उन्हाळ्याइतकीच पावसाळ्याची. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की भामरागडचा संपर्क तुटतो, नदी-नाल्याचे पाणी गढूळ, हातपंप बुडालेला किंवा त्याच्या पाण्याला लोखंडाची चव आणि भांड्याला तांबूस डाग. नेमक्या त्याच दिवसांत छतावर पाणी धो-धो पडत असते. वीस फूट लांबीच्या टिनाच्या छताची एक बाजू पुरे. सहा इंची पाइप उभा चिरला की दहा फुटांत वीस फूट पन्हळ होते: १,५०० ते २,०००. आकडे ६००, हजार लिटरची टाकी ७,०००, ओटा २,५००, साठ लिटरचा पहिल्या पावसाचा ड्रम ५००, नळ आणि जाळी ५००, मजुरी १,५००. चौदा-साडेचौदा हजारांत काम होते. अर्ध्या छतावर, म्हणजे दोनशे चौरस फुटांवर, दहा मिलिमीटर पाऊस झाला की दीडशे लिटरच्या वर पाणी येते. तिथल्या पावसात टाकी भरायला दोन-तीन दिवस पुरतात. पाणी उकळून किंवा क्लोरीन घालून अर्धा तास थांबूनच प्या. कवेलूच्या छतावरचे पाणी वापरायला ठीक, पण कवेलूवर शेवाळ आणि पाखरांची घाण असते. प्यायला टिन बरे. अॅस्बेस्टॉसच्या पत्र्यावरचे पाणी पिऊ नये.

नियम, सूट आणि कोणाच्या खिशातून काय

यूडीसीपीआर चंद्रपूर महापालिका, गडचिरोली नगर परिषद आणि इतर नगरपालिकांना लागू आहे. तिच्याप्रमाणे ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवे बांधकाम, पुनर्बांधकाम किंवा वाढीव बांधकाम करताना पर्जन्यजल संचयन बंधनकारक आहे. केलेली यंत्रणा नीट राखली नाही तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला हजार रुपयांपर्यंत आकारणी करता येते. फ्लॅट घेत असाल तर बिल्डरकडे नकाशावरचा खड्डा जागेवर दाखवायला सांगा. कित्येक ठिकाणी तो नकाशात असतो आणि त्यावर पार्किंग असते.

चंद्रपूर महापालिकेने छताच्या आकाराप्रमाणे ५, ७ आणि १० हजार रुपयांचे अनुदान आणि पुढची तीन वर्षे मालमत्ता करात दोन टक्के सूट जाहीर केली होती. काम सुरू करण्यापूर्वी झोन कार्यालयात ती योजना चालू वर्षाला लागू आहे का ते विचारून, अर्जाची पोच घेऊन मगच खड्ड्याला हात लावा. आधी खड्डा, मग अर्ज, असे केलेल्यांचे पैसे अडकतात. ग्रामपंचायतीच्या हद्दीत सरपंचांना वित्त आयोगाच्या निधीबद्दल विचारा: पंधराव्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या अनुदानातला साठ टक्के भाग बंधित होता, आणि त्यातला निम्मा पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संचयन आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठीच. शाळेच्या छताची पन्हळ त्यात सहज बसते.

हे पैसे वसूल होतात का? सरळ सांगायचे तर, एकट्या घराला बहुधा नाही. उन्हाळ्यात हजार रुपयांचे चार-पाच टँकर घेत असाल आणि ते निम्म्यावर आले तरी खड्ड्याचे पैसे फिटायला दहा वर्षे लागतील. शिवाय तुमच्या खड्ड्यातले पाणी तुमच्याच बोअरखाली थांबेल असे नाही. शेजाऱ्याचा पंप जास्त ताकदीचा असेल तर ते त्याच्याकडे जाईल. म्हणूनच हे काम गल्लीने करायचे. दहा घरांनी एकदम घेतले तर जेसीबी एकदाच येतो, गिट्टी-रेती ट्रकभर येऊन ब्रासमागे स्वस्त पडते, आणि घरटी तेवीस हजारांचे काम अठरा-एकोणीसमध्ये बसते. दहा स्लॅबचे मिळून वर्षाला जवळपास नऊ लाख लिटर पाणी एकाच परिसरात जिरते; मग ते कोणाच्या बोअरला मिळाले यावरून भांडायचे कारण उरत नाही.

तलाव: सगळ्यात स्वस्त लिटर

घरचे खड्डे कितीही केले तरी रामाळा तलावाची बरोबरी होणार नाही. गोंडकाळापासून शहराच्या मधोमध असलेले हे तळे सांडपाणी आणि जलपर्णीने भरले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे त्यासाठी उपोषणाला बसले, मग तळे रिकामे करून गाळ काढण्याचे काम सुरू झाले. शहरातल्या तळ्यात साठलेले पाणी आजूबाजूच्या विहिरींना झिरपत राहते आणि पावसाचा पहिला लोंढा झेलते. त्यासाठी नवा खड्डा खणावा लागत नाही. फक्त येणारे सांडपाणी थांबवावे लागते, आणि खर्च खरा तिथे आहे. नगरसेवकाकडे मागायचेच असेल तर सुशोभीकरणाचे कारंजे मागू नका, नाल्याचे सांडपाणी वळवायला सांगा.

दोन्ही जिल्ह्यांत, आणि शेजारच्या भंडारा-गोंदियात, माजी मालगुजारी (मामा) तलाव हजारोंनी आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या कसबी हातांनी बांधलेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि दरवर्षी गाळ काढायची जबाबदारी कोणाचीच राहिली नाही. गाव वाढून नगरपंचायत झाले तशी काही तलावांच्या पोटात घरे आली. सिंदेवाही, नागभीड, मूल, आरमोरी, कुरखेडा भागातल्या वाचकांनी पुनर्भरणासाठी पैसे गोळा करायचे ठरवले तर आधी आपल्या गावातल्या मामा तलावाकडे पाहावे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत गाळ शेतात नेणाऱ्या अल्प व अत्यल्प भूधारकाला घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी १५ हजारांपर्यंत आणि अडीच एकरांना जास्तीत जास्त साडेसदतीस हजार असे अनुदान आहे. एक घनमीटर गाळ निघाला की तिथे हजार लिटर पाण्याची जागा झाली. प्लास्टिकच्या टाकीत तेवढ्याच जागेला सात हजार लागतात.

काम देताना

एप्रिलमध्ये काम द्या. मेच्या शेवटी प्लंबर मिळत नाही, आणि पावसाळ्यात रेतीघाट बंद होऊन भाव चढतात. कोटेशनमध्ये खोदाईची खोली मीटरमध्ये, गिट्टी-रेती ब्रासमध्ये, पाइप फुटांत आणि कोणत्या दर्जाचा ते लिहून घ्या. 'रेन वॉटर हार्वेस्टिंग, एक नग' असे लिहिलेले कोटेशन घेऊ नका. वर्षाला दीड-दोन हजार देखभालीचे वेगळे ठेवा: स्लॅबची सफाई, ड्रम धुणे, एक-दोन वर्षांनी वरच्या रेतीचा थर बदलणे.

निम्मे पैसे खड्डा भरण्यापूर्वी देऊ नका. रिकामा खड्डा आत टेप सोडून मोजा, प्रत्येक थर पडताना फोटो काढा. अनुदानाच्या अर्जाला ते फोटो लागतातच, आणि भरून झाल्यावर खड्डा अडीच मीटर खोल आहे की दीड, हे कोणालाच सांगता येत नाही.